बंदूक दिसू द्यायची की झाकून ठेवायची?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: हे वाचक डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोजवळ राहतात. वय चाळीसच्या पुढे, आयटीत नोकरी, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. घरात बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि सध्या सांगलीहून व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील. काही आठवड्यांपूर्वी रात्री पंपावर गाडीत गॅस (म्हणजे पेट्रोल) भरताना एका पिकअपवाल्याने शिव्या दिल्या, "तुमच्या देशात परत जा" म्हणून ओरडला आणि नंतर चार-पाच मैल मागे लागला. गाडीत आई आणि मुलगा होते. तेव्हापासून यांना नीट झोप नाही. ऑफिसमधल्या मित्राबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन आलेत, ९ एमएमचं पिस्तूल घ्यायचं जवळपास ठरलंय. मित्र म्हणतो टेक्ससमध्ये लायसन्स लागत नाही, कंबरेला उघड लाव, दिसलं की कोणी वाटेला जात नाही. दुसरा म्हणतो शर्टाखाली ठेव. बायको म्हणते घरातच नको. "लपवून ठेवणं मला भित्रेपणाचं वाटतं आणि उघड ठेवलं तर मंडळातले लोक काय म्हणतील असं होतं. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे सांगलीला जाणार, त्याआधी ठरवायचंय. ओपन कॅरी (उघड) की कन्सील्ड कॅरी (झाकून), तुम्हीच सांगा."

नमस्कार,

आधी त्या रात्रीबद्दल बोलू या. तुम्ही ती दोन ओळीत उरकलीत आणि बाकी सगळं पत्र पिस्तुलावर आहे, पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न त्या चार-पाच मैलांतच अडकलाय. आरशात पिकअपचे दिवे, शेजारी आई, मागे मुलगा, आणि काय करावं ते सुचत नाहीये. उगाच घाबरताय असं मी अजिबात म्हणणार नाही. २०१७ मध्ये कॅन्ससला ओलेथमध्ये बारमध्ये बसलेल्या दोन भारतीय इंजिनिअरांवर एकाने "माझ्या देशातून निघा" म्हणत गोळ्या झाडल्या, त्यातला एक गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या शेजारच्या प्लेनोत पार्किंग लॉटमध्ये चार भारतीय बायकांच्या अंगावर एक बाई धावून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलाय. २०२३ च्या मे महिन्यात ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली, त्यात हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर झालेल्या असताना झोप उडणारच.

पण एक करा, ती रात्र परत डोळ्यासमोर आणा आणि कंबरेला पिस्तूल आहे असं धरा. नक्की कोणत्या क्षणी ते कामाला आलं असतं? पंपावर तो शिव्या देत होता तेव्हा? टेक्ससचा कायदा स्वसंरक्षणाच्या बाबतीत बराच मोकळा आहे, पण त्यातही स्वच्छ लिहिलंय की नुसत्या तोंडी चिथावणीवरून बळ वापरलं तर ते समर्थनीय धरलं जाणार नाही. म्हणजे तुम्ही पिस्तूल बाहेर काढलं असतं तर केस तुमच्यावर झाली असती आणि तो साक्षीदार. मग हायवेवर मागे लागला तेव्हा? साठच्या स्पीडला एका हाताने स्टिअरिंग धरून? आणि तोही टेक्ससचाच माणूस, त्याच्या ग्लव्ह बॉक्समध्ये काय असेल कोण सांगणार, इथल्या हायवेंवर रोड रेजमधून गोळीबार होतात ते बरेचदा असेच, एकाने दाखवलं म्हणून दुसऱ्याने काढलं.

त्या रात्री जे उपयोगी पडलं असतं ते असं: दारं लॉक, ९११ स्पीकरवर, घराकडे अजिबात वळायचं नाही, सरळ पोलीस स्टेशन किंवा फायर स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी घालायची, मुलाला प्लेटचा नंबर मोठ्याने वाचायला सांगायचा. डॅशकॅम, म्हणजे गाडीतून रस्ता टिपणारा कॅमेरा, नसेल तर या शनिवारी बसवून घ्या. आणि अजूनही वेळ गेलेली नाही, पोलिसांत जाऊन रिपोर्ट द्या, पंपावर कॅमेरे असतात, आणि तोच माणूस परत कुठे असा वागला तर आधीची नोंद कागदावर असणं फार महत्त्वाचं असतं. आपले लोक रिपोर्ट देत नाहीत, "जाऊ दे, कशाला लफडं" म्हणतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता तुमचा प्रश्न. मित्र म्हणतो लायसन्स लागत नाही, ते अर्धं खरं आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाला लायसन्सशिवाय हॅन्डगन जवळ ठेवता येते, उघड ठेवली तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, पाहिजे. पण हे काही इथलं कायमचं नाही हं. १८७१ पासून टेक्ससमध्ये पिस्तूल बाळगून फिरण्यावर बंदी होती, शंभर वर्षांहून जास्त काळ. १९९१ मध्ये किलीनच्या कॅफेटेरियात एकाने २३ माणसं मारली. तिथे असलेल्या एका बाईने कायद्याच्या भीतीने आपलं रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवलं होतं आणि तिच्या डोळ्यादेखत तिचे आईवडील गेले. तिने नंतर ठिकठिकाणी जाऊन साक्ष दिली आणि १९९५ मध्ये कायदा बदलला, तोही फक्त लपवून बाळगण्यापुरता आणि लायसन्स घेऊन. उघड बाळगायची परवानगी २०१६ ची, ती पण लायसन्सवाल्यांनाच. म्हणजे तुमचा मित्र "इथली पद्धतच आहे" असं म्हणतो ती ओपन कॅरी तुमच्या मुलापेक्षाही लहान आहे. ज्यांनी बंदूक जवळ असावी म्हणून आयुष्य घालवलं त्यांनी आधी लपवूनच मागितली होती, तेव्हा लपवणं म्हणजे भित्रेपणा हे डोक्यातून काढून टाका.

"दिसलं की कोणी वाटेला जात नाही" हे मला तपासून बघावंसं वाटतं. कोण वाटेला जात नाही? जो हिशोब करून येतो, पाकीट मारणारा, गाडीची काच फोडणारा, तो कदाचित दुसरा कोणी बघेल. पण तुम्हाला भीती त्याची नाहीये, तुम्हाला भीती डोक्यात राख घातलेल्या माणसाची आहे, आणि तो हिशोब करत नाही. उलट त्याला तुम्ही आव्हान दिल्यासारखं वाटू शकतं. आणि जो ठरवूनच मारायला आलाय त्याला दिसतं की आधी कोणाला पाडायचं.

दुसरी गोष्ट हिसकावण्याची. एचईबी सुपरमार्केटच्या काउंटरवर उभे आहात असं समजा. उजव्या कंबरेला पिस्तूल, एका हातात पिशव्या, मान खाली कारण कार्ड मशीनवर बटणं दाबताय, आणि मागचा माणूस तुमच्यापासून हातभर अंतरावर. पोलीस लोक जे होल्स्टर वापरतात त्याला दोन-दोन तीन-तीन लॉक असतात, विशिष्ट क्रमाने अंगठा दाबल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नाही, वर हत्यार हिसकावलं जाऊ नये याचं त्यांना वेगळं ट्रेनिंग असतं, तरी त्यांचंही कधीकधी हिसकावलं जातं. तुमच्या मित्राकडचं होल्स्टर साधं प्लॅस्टिकचं, नुसतं घट्ट बसतं म्हणून राहिलेलं असणार, ते बघून घ्या एकदा. (बाय द वे एचईबीत ओपन कॅरी चालतच नाही, २०१९ मध्ये एल पासोच्या हत्याकांडानंतर वॉलमार्टनेही उघड बंदुका आणू नका अशी विनंती केली, आणि कॉस्टकोत तर कुठलीच बंदूक नको असा नियम आहे. म्हणजे उघड लावून तुम्ही जाणार कुठे? दर दुकानाबाहेर काढून गाडीत ठेवणार, आणि चोरांना गाडीतल्या बंदुकांइतकं सोपं दुसरं काही नाही.)

तिसरी गोष्ट बोलायला मला त्रास होतो पण बोलते. तुमच्या कंबरेला आणि तुमच्या गोऱ्या मित्राच्या कंबरेला तेच पिस्तूल असलं तरी बघणाऱ्याला ते सारखं दिसेल याची खात्री नाही. ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये एका मोर्चाच्या वेळी एकाने पाच पोलिसांना मारलं. त्याच मोर्चात एक कृष्णवर्णीय माणूस कायद्याप्रमाणे रायफल उघड घेऊन चालत होता, त्याचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर टाकला. त्या बिचाऱ्याने स्वतः जाऊन रायफल पोलिसांकडे दिली होती, काहीच केलं नव्हतं. त्या गर्दीत असे वीस-तीस जण उघड रायफली घेऊन होते आणि गोळीबार सुरू झाल्यावर कोण कोणत्या बाजूचा हे कळत नव्हतं असं तिथले पोलीस प्रमुखच म्हणाले. आदल्याच दिवशी मिनेसोटात लायसन्स असलेल्या एका माणसाने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला शांतपणे सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे, आणि तो मारला गेला. कायदा तुमच्या बाजूने असणं आणि त्या दोन सेकंदात समोरचा तुमच्याकडे काय म्हणून बघतो, या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या दाढीवाल्या, सावळ्या मुलाच्या बाबतीतही, अजून आठ-दहा वर्षांनी.

म्हणून ओपन कॅरीला माझं उत्तर नाही असंच आहे, मागेपुढे न बघता. कोणी मेंढपाळ असेल, रानात रँचवर काम करत असेल त्याची गोष्ट वेगळी.

कन्सील्डबद्दल मात्र मी इतकी सरळ बोलू शकत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, कुणाला कळत नाही, कुणी हिसकावत नाही, कुणी चिडत नाही, आणि वापरायची वेळ आली तर निर्णय तुमच्या हातात राहतो. पण लपवणंसुद्धा शिकावं लागतं. जुलैमध्ये इथे चाळीस डिग्री असताना शर्टाखाली पॅन्टच्या आत पाऊण किलोची वस्तू दिवसभर, खाली वाकलं की शर्ट वर जातो, ताणला की आकार दिसतो, त्याला इथे प्रिंटिंग म्हणतात. काढताना एका हाताने शर्ट वर खेचायचा, दुसऱ्याने पकड बरोबर बसवायची, बोट ट्रिगरपासून लांब ठेवायचं, आणि हे सगळं हृदय धडधडत असताना. रेंजवर तुम्ही टेबलावरून पिस्तूल उचलून कागदावर झाडलंत ना, त्याचा याच्याशी फार कमी संबंध आहे. टेक्ससची लायसन्स टेस्टसुद्धा ५० गोळ्यांची, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ मार्क मिळाले की पास, तीही उभ्या कागदावर. तेवढ्यावर विसंबून गर्दीत पिस्तूल काढू नये.

तरी लायसन्स घ्या. लागत नसलं तरी घ्या. चार ते सहा तासांचा क्लास, रेंज टेस्ट, चाळीस डॉलर फी, बोटांचे ठसे. एक तर क्लासमध्ये कायदा कळतो. दुसरं असं की फेडरल कायदा शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई करतो, राज्याचं लायसन्स असेल तर त्यातून सूट आहे, नसेल तर नाही, आणि फ्रिस्कोत शाळेच्या हजार फुटात न येता कुठे जाता येतं ते तुम्हीच सांगा. तिसरं म्हणजे दुकानांच्या दारावरच्या पाट्या कळायला लागतात, त्यांच्यावरचे आकडे टेक्ससच्या दंडसंहितेतल्या कलमांचे असतात. ३०.०७ ची पाटी म्हणजे लायसन्स असलं तरी उघड नको, ३०.०६ म्हणजे लायसन्स असलं तरी लपवूनही नको, ३०.०५ ही लायसन्स नसलेल्यांसाठी. बारवर लाल ५१ टक्क्यांची पाटी असेल (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) तर कुणीच न्यायची नाही, आणि दारू पिऊन पिस्तूल जवळ ठेवणं हा आता वेगळा गुन्हा आहे, तेव्हा मित्राकडच्या पार्टीला जाताना ते घरीच.

मंडळातल्या लोकांची काळजी करताय, तर मंडळाचा गणपती किंवा दिवाळीचं नाटक शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतं ना? मग तिथे झाकून काय नि उघडं काय, नेताच येत नाही, लायसन्स असलं तरी. देवळात पाटी लावलीये का ते दारात बघायचं.

एवढं सगळं केलं तरी काय मिळतं ते पण बघू. २०१९ च्या डिसेंबरमध्ये टेक्ससमधल्याच व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चमध्ये एकाने शॉटगन काढली, दोन माणसं गेली, पण सहा सेकंदांत तिथल्या एका स्वयंसेवकाने त्याला एका गोळीत पाडलं. हे उदाहरण तुमचा मित्र नक्की देईल, आणि ते खरं आहे, अनेक जीव वाचले. पण तो माणूस आधी रिझर्व्ह डेप्युटी, म्हणजे राखीव पोलीस, होता आणि बंदूक शिकवायचं काम करत होता. कोलोराडोत आरवाडाला २०२१ मध्ये असंच एका माणसाने लपवलेल्या पिस्तुलाने हल्लेखोराला पाडलं, शेकडो जीव वाचवले असतील, मग खाली पडलेली रायफल उचलली, आणि पोलीस आले, त्यांनी यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. सगळं बरोबर करून माणूस गेला. म्हणून क्लासमध्ये शिकवतात की पोलीस यायच्या आत हत्यार होल्स्टरमध्ये आणि हात रिकामे.

आता वहिनींचं म्हणणं. तुम्ही ते एका वाक्यात लिहिलंय, जणू अडचण आहे आणि समजूत काढली की संपेल. माझ्या मते या पत्रात सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. परक्याच्या हातून मरण्याची भीती आपल्याला वाटते, पण घरात पिस्तूल आलं की ते लेऑफच्या महिन्यातही घरात असतं, नवराबायकोच्या भांडणाच्या रात्रीही, आणि मुलगा सोळा वर्षांचा होऊन दार लावून बसायला लागेल तेव्हाही. तुम्हाला आत्ता झोप लागत नाहीये, सतत ती रात्र आठवतेय, हे तुम्हीच लिहिलंय. या अवस्थेत पिस्तूल विकत घेऊ नका असं मी तुम्हाला अगदी हात जोडून सांगते. आधी कौन्सेलरकडे जा, ऑफिसचं इन्शुरन्स असतं त्यात बरेचदा काही सेशन्स फुकट असतात. झोप परत आली, दोन-तीन महिने गेले आणि तरी घ्यावंसं वाटलं, तेव्हा वहिनींबरोबर बसून ठरवा, आणि त्या नाही म्हणाल्या तर नाही.

घेतलंच तर तिजोरी आधी, पिस्तूल नंतर. भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली, कोड फक्त तुम्हा दोघांना. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. आणि एक गोष्ट जी तुमच्या मित्राला माहीत असायचं कारण नाही: तुमचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर आहेत, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या खोलीतल्या कपाटात, बाबांना कोड माहीत आहे, असं काही नको.

हेच इतर वाचकांसाठी जरा मोठ्याने सांगते, कारण मला यावर फार पत्रं येतात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, सगळ्यांना हा नियम लागू आहे, टेक्ससमध्ये लायसन्स लागत नाही याने काही फरक पडत नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. वैध हंटिंग लायसन्स असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण तो तुम्हाला लागू होतो का हे इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवरसुद्धा हातात घेऊ नका आणि फोटो तर नकोच. ग्रीन कार्डवाल्यांना बाळगता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढू शकतात. ओरडणाऱ्या माणसाला नुसतं पिस्तूल दाखवण्याची तुमची किंमत ही आहे, तुमच्या मित्राची नाही.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉयवाल्यांनी इथलं काही तिथे लावू नका, तिथे ओपन कॅरी नाहीच आणि लपवून बाळगायला त्या राज्याचं परमिट लागतं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेनसिल्व्हेनियाचं परमिट घेऊन न्यू जर्सीत गेली, पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं, आणि तिच्यावर किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगाची वेळ आली. पुढे तुरुंगाऐवजी तिला सुधारणेच्या कार्यक्रमात घेतलं आणि २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली.

पिस्तुलाशिवाय काय करता येईल ते तर आजच करण्यासारखं आहे. पेपर स्प्रे टेक्ससमध्ये कायदेशीर आहे, वहिनींनाही देता येईल, आणि चूक झाली तर माणूस मरत नाही. रात्री गॅस भरायचा टाळा, नाहीतर उजेडाचा, गजबजलेला पंप बघा. रक्तस्राव थांबवायचा दोन तासांचा क्लास सगळ्यांनी करा, मुलानेही. ॲलनसारखं काही घडलं तर त्याचाच उपयोग व्हायची शक्यता जास्त.

आणि डिसेंबरमध्ये सांगलीला जाताय म्हणून शेवटचं. जी बॅकपॅक रेंजवर नेली होती ती प्रवासाला अजिबात घेऊ नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यात अटलांटानंतर दुसरा नंबर तुमच्या डीएफडब्ल्यूचा, म्हणजे डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाचा, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, विसरलो. भारतात तर बंदूकही लागत नाही, बॅगेच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलं तरी शस्त्र कायद्याखाली मुंबई विमानतळावर गुन्हा दाखल होतो, आईबाबा बाहेर सामान घेऊन उभे आणि तुम्ही आत जबाब देताय असं व्हायला नको. रेंजची बॅग वेगळी करा, तिच्यावर खूण करा आणि गॅरेजमध्ये ठेवा. मित्राबरोबर गेलात तेव्हा जे जॅकेट घातलं होतं त्याचे खिसेही उलटे करून बघा.